‘तुम्ही चुकलात तर आम्ही कोणाला सांगायचं?’

प्रिय धर्मग्रामस्थहो,



मागच्या महिन्यातील गोष्ट आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही आठवीच्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात गेलो होतो. विषय होता प्रायश्चित्त संस्कार. पाप म्हणजे काय, पश्चात्ताप म्हणजे काय, कुमसाराला जाताना तयारी कशी करावी, हे सगळे सांगून झाले. शेवटी ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे आम्ही म्हटले. मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. “फादर, आम्ही चुकलो तर तुमच्याकडे येऊन सांगतो. तुम्ही चुकलात तर आम्ही कोणाला सांगायचं?”

वर्ग एकदम शांत झाला. शिक्षिकाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. आम्ही हसून म्हणालो, “अगं, फादरसुद्धा दुसऱ्या फादरांकडे जाऊन कुमसार करतात.” मुले हसली, घंटा झाली आणि वर्ग सुटला.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा लक्षात आले की, आम्ही तिला उत्तर दिलेच नव्हते. ‘तुम्ही कोणाला सांगता?’ असे तिने विचारले नव्हते. ‘आम्ही कोणाला सांगायचं?’ असे विचारले होते. पहिला प्रश्न धर्मगुरू आणि परमेश्वर यांच्यातला आहे. दुसरा प्रश्न धर्मगुरू आणि त्याच्या हाती सोपवलेली माणसे यांच्यातला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले असते, तर आमच्या प्राध्यापकांनी तिथल्या तिथे पकडले असते. आठवीच्या वर्गात मात्र कोणी पकडले नाही, कारण आमच्या अंगावर झगा होता.

म्हणून या रविवारी हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. धर्मपुढाऱ्यांना जाब विचारता येतो का? कोणी विचारायचा? कसा विचारायचा? पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा याविषयी काय शिकवतात?

१. पवित्र शास्त्र काय सांगते?

जुन्या करारात शिलो येथील एली याजकाची कथा आहे (१ शमुवेल, अध्याय २ ते ४). एली स्वतः वाईट माणूस नव्हता. त्याचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, हेही याजक होते. लोकांनी आणलेल्या बलिदानातील मांस ते विधी होण्याआधीच दांडगाईने काढून घेत. मंदिराच्या दारी सेवेला येणाऱ्या स्त्रियांशी त्यांचे अनैतिक संबंध होते. एलीच्या कानावर हे सर्व आले. त्याने मुलांना समजही दिली. परंतु त्यांना पदावरून दूर केले नाही. परमेश्वराने बाल शमुवेलाच्या तोंडून एलीवर जो दोष ठेवला तो नेमका हाच होता: त्याला माहीत होते आणि त्याने आवर घातला नाही. ‘मी समज दिली होती’ एवढे म्हणून वरिष्ठाची जबाबदारी संपत नाही, हा या कथेचा पहिला धडा आहे. दुसरा धडा असा की, परमेश्वराने हा निरोप पोहोचवण्यासाठी कोणी मोठा माणूस निवडला नाही. मंदिरात राहणारा एक लहान मुलगा निवडला. सकाळी शमुवेल निरोप सांगायला घाबरला होता. एलीनेच त्याला काहीही न लपवता सांगायला लावले. एलीच्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टींत ही एक मोठी गोष्ट आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४ व्या अध्यायात इस्राएलच्या मेंढपाळांवर खटलाच भरलेला आहे. त्यांनी दूध घेतले, लोकर पांघरली, पुष्ट मेंढरे कापली. परंतु आजारी मेंढरू बरे केले नाही, मोडलेला पाय बांधला नाही, चुकलेले शोधले नाही. यातील बहुतेक आरोप न केलेल्या कामांबद्दल आहेत, याकडे लक्ष द्यावे. परमेश्वर म्हणतो की, मी माझी मेंढरे या मेंढपाळांच्या हातून परत मागेन. कळप मेंढपाळाच्या मालकीचा नाही. तो सांभाळायला दिलेला आहे, आणि ज्याला सांभाळायला दिले त्याला हिशेब द्यावा लागतो.

नव्या करारात प्रभू येशू हेच अधिक कडक शब्दांत सांगतो. ज्याला अधिक दिले आहे त्याच्याकडून अधिक मागितले जाईल (लूक १२:४८). जो लहानांपैकी एकाला अडखळवतो, त्याच्यासाठी गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडणे बरे (मत्तय १८:६). प्रभूच्या तोंडून इतके कठोर शब्द फारच थोड्या ठिकाणी आले आहेत. संत याकोब सांगतो की, पुष्कळांनी शिक्षक होण्याची घाई करू नये, कारण आम्हां शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे (याकोब ३:१). इब्री लोकांस पत्रात लोकांना पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास सांगितले आहे. मात्र त्याच वाक्यात पुढारी हिशेब देणारे आहेत, अशी आठवणही दिली आहे (१३:१७). आम्ही धर्मगुरू त्या वचनाचा पहिला अर्धा भाग लोकांना पुष्कळदा ऐकवतो. दुसरा अर्धा भाग आम्हांला उद्देशून आहे.

पुढाऱ्याचा हिशेब अधिक कडक का? तत्त्वज्ञानाच्या भाषेत कोणत्याही कृत्याची जबाबदारी ज्ञान आणि स्वातंत्र्य या दोन मापांनी मोजतात. ज्याला अधिक कळते आणि जो अधिक मोकळा असतो, तो अधिक जबाबदार. धर्मपुढाऱ्याच्या बाबतीत तिसरे माप येते, ते म्हणजे विश्वास. आपण आमच्यासाठी घराचे दार उघडता, आजाऱ्याच्या खाटेजवळ बसवता, मुलांना आमच्या स्वाधीन करून निर्धास्त घरी जाता. हा विश्वास आम्ही आमच्या कष्टाने मिळवलेला नाही. गुरुदीक्षेबरोबर तो आम्हांला आयता मिळाला आहे. तो ख्रिस्तावरचा विश्वास आहे. म्हणून जो धर्मगुरू त्या विश्वासाचा उपयोग कोणाला दुखावण्यासाठी करतो, तो एका माणसाला लुबाडतो आणि त्याच वेळी ख्रिस्ताचे नावही चोरतो.

२. अंत्युखियात काय घडले?

‘पोप आणि बिशप यांना कोण बोलणार?’ असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या पहिल्याच पिढीत मिळते.

संत पेत्र अंत्युखिया शहरात आला होता. तेथे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर तो एका पंगतीत जेवत असे. पुढे यरुशलेमेहून काही माणसे आली. ती काय म्हणतील या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्ती वेगळे बसले. बर्णबासुद्धा त्या ओघात वाहून गेला. तेव्हा संत पौलाने सर्वांच्या देखत पेत्राला तोंडावर बोल लावला (गलती २:११-१४).

पेत्राने चुकीची शिकवण दिली नव्हती. त्याचे वागणे त्याच्या शिकवणीशी विसंगत होते. तरीही पौल गप्प बसला नाही, कारण पुढाऱ्याचे वागणे हीसुद्धा एक शिकवण असते. दुसरे म्हणजे, पौलाने सर्वांसमोर बोल लावला कारण चूक सर्वांसमोर झाली होती आणि तिचा परिणाम सर्वांवर होत होता. तिसरे म्हणजे, पौलाने पेत्राचे पद नाकारले नाही. पेत्र प्रेषित होता आणि राहिला. पुढे पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा आला आहे (३:१५).

प्रेषितांच्या कृत्यांतही एक प्रसंग आहे (अध्याय ११). पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला आणि तिथे जेवला, म्हणून यरुशलेमेतील बांधवांनी त्याच्याशी वाद घातला. या वेळी पेत्राचे बरोबर होते. ‘मी प्रेषितांचा प्रमुख, मला विचारणारे तुम्ही कोण?’ असे तो म्हणू शकला असता. त्याऐवजी त्याने घडलेली हकिगत पहिल्यापासून क्रमाने सांगितली. ऐकून लोक शांत झाले आणि त्यांनी देवाचा गौरव केला. म्हणजे पेत्र चुकला तेव्हा त्याने बोल ऐकून घेतला, आणि चुकला नव्हता तेव्हाही त्याने हिशेब दिला.

संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात या अंत्युखियाच्या प्रसंगावरूनच नियम काढून दाखवला. वरिष्ठाची चूक दाखवणे हे प्रीतीचे काम आहे आणि ते कनिष्ठालाही लागू आहे. ते आदराने व नम्रतेने करावे. शक्यतो एकांतात करावे. परंतु श्रद्धेलाच धोका असेल तर जाहीरपणेही करावे. पेत्राने आपल्या वागण्याने पुढच्या सर्व वरिष्ठांना एक उदाहरण घालून दिले, असेही संत थॉमस संत आगुस्तीनच्या आधाराने म्हणतात: खालच्याने चूक दाखवली तर ती कमीपणा न मानता ऐकावी.

३. मग संस्कारांचे काय?

काही वर्षांपूर्वी एका आजीबाईंनी आम्हांला घाबरत घाबरत विचारले होते, “फादर, ज्यांनी बाप्तिस्मा दिला तेच फादर पुढे वाईट निघाले, तर त्या लेकराचा बाप्तिस्मा फुकट गेला का?”

नाही. हा वाद ख्रिस्तसभेत चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत झाला. छळाच्या काळात काही धर्माधिकाऱ्यांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ शासनाच्या स्वाधीन केले होते. अशांच्या हातचे संस्कार खरे नव्हेत, असे दोनातवादी गटाचे म्हणणे होते. संत आगुस्तीनने त्यांना उत्तर दिले की, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे. दगडी पाटातून पाणी वाहते. पाटात काही उगवत नाही, पण पाणी बागेपर्यंत पोहोचते आणि बाग फुलते. ज्यांनी वाडीत पाट काढून केळी शिंपली आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

परंतु या शिकवणीचा एक गैरवापर होतो. ‘संस्कार खरे आहेत ना, मग फादरांच्या वागण्याशी आपल्याला काय करायचे?’ असे म्हटले जाते. ही शिकवण बागेच्या सांत्वनासाठी आहे. पाटाला सूट देण्यासाठी ती नाही. शास्त्री व परूशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, म्हणून ते सांगतात ते करा, ते करतात तसे करू नका, असे प्रभूने सांगितले (मत्तय २३). आणि त्याच अध्यायात पुढे त्यांची एकेक करणी उघड केली. आसनाचा मान राखणे आणि आसनावर बसलेल्याला जाब विचारणे, या दोन्ही गोष्टी प्रभूने एकाच प्रवचनात केल्या आहेत.

४. आपल्या काळातील एक प्रकरण

विषय पुस्तकी राहू नये म्हणून आपल्या ख्रिस्तसभेतीलच एक दुःखद प्रकरण पाहू. ते वर्तमानपत्रांतून आपण अर्धेमुर्धे वाचले असेल.

थिओडोर मॅकॅरिक हे अमेरिकेतील धर्मगुरू. १९५८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९७७ मध्ये ते न्यूयॉर्कचे सहायक बिशप झाले, पुढे मेटूचनचे बिशप, नेवार्कचे आर्चबिशप, आणि २००१ मध्ये वॉशिंग्टनचे आर्चबिशप असताना कार्डिनल झाले. हुशार, कष्टाळू, मोठमोठ्या लोकांत ऊठबस असलेले आणि ख्रिस्तसभेसाठी पुष्कळ निधी जमवणारे. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताने जाहीर केले की, त्यांनी अनेक वर्षांपूर्वी एका अल्पवयीन मुलाचा लैंगिक छळ केल्याचा आरोप चौकशीअंती विश्वसनीय आढळला आहे. जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा कार्डिनलपदाचा राजीनामा स्वीकारला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांना धर्मगुरुपदावरून कायमचे काढून टाकण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने या प्रकरणाचा सुमारे ४५० पानांचा अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला. त्यात लिहिले आहे की, १९८० च्या दशकात एका आईला आपल्या मुलांशी असलेले मॅकॅरिक यांचे वागणे खटकले. तिने आपले नाव न घालता अमेरिकेतील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. त्या पत्रांचा मागमूसही चौकशी करणाऱ्यांना लागला नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांनी मॅकॅरिक यांना बढती देऊ नये असे लेखी कळवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी माहिती घ्यायला सांगितले. न्यू जर्सीतील चार बिशपांना विचारणा झाली. चारपैकी तिघांनी अपुरी आणि चुकीची माहिती दिली. मॅकॅरिक यांनी स्वतः पत्र लिहून आरोप नाकारले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात आला. पुढच्या काळात त्यांना तोंडी समज देण्यात आली, प्रसिद्धीपासून दूर राहण्यास सांगण्यात आले. परंतु रीतसर चौकशी झाली नाही. एलीची कथा पुन्हा वाचावी.

ज्यांनी लपवले ते सगळे दुष्ट होते असे नाही. काहींना मित्राला सांभाळायचे होते. काहींना ख्रिस्तसभेचे नाव सांभाळायचे होते. कोणाला एका निनावी पत्रावरून मोठ्या माणसावर संशय घेणे पटले नसेल. पण या सगळ्या सांभाळासांभाळीत त्या आईची मुले कोणीच सांभाळली नाहीत.

याच २०१८ सालची दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. जानेवारीत चिलीच्या भेटीवर असताना पोप फ्रान्सिस यांनी तेथील एका बिशपांची बाजू घेतली आणि त्यांच्यावरील आरोपांना निंदा म्हटले. पीडितांना ते फार लागले. नंतर पोपनी चौकशीसाठी प्रतिनिधी पाठवला. एप्रिलमध्ये त्यांनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहून आपण गंभीर चुका केल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि क्षमा मागितली. पीडितांना रोमला बोलावून घेऊन त्यांचे ऐकले. मे महिन्यात चिलीच्या सर्व बिशपांनी आपले राजीनामे पोपच्या हाती दिले. अंत्युखियातील पेत्राचा वारसदार पेत्रासारखाच चुकला, आणि त्याने पेत्रासारखेच ऐकून घेतले.

२०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी सर्व ख्रिस्तसभेसाठी नवे नियम दिले, आणि २०२३ मध्ये ते कायमचे केले. अशी घटना कळल्यास धर्मगुरू व व्रतस्थांनी ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. तक्रार घेण्याची उघड सोय प्रत्येक धर्मप्रांतात असलीच पाहिजे. बिशपांविरुद्धही तक्रार करता येते, आणि प्रकरण दडपणे हाही चौकशीचा विषय आहे. तक्रार करणाऱ्याला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक छळाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाला ती अधिक आहे.

५. नेहमी ऐकू येणारे तीन आक्षेप

‘देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये, पाप लागते.’ हा आधार दावीद आणि शौल राजाच्या कथेतून घेतला जातो (१ शमुवेल २४). गुहेत शौल हाती सापडला तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरे. पण कथा तिथे संपत नाही. दावीद गुहेबाहेर आला, शौलाला हाक मारली, जमिनीपर्यंत लवून नमन केले आणि मग सर्वांच्या देखत त्याच्या अन्यायाचा जाब विचारला. त्याने हात आवरला होता, तोंड बांधून ठेवले नव्हते.

‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणल्याने अडखळण होते.’ प्रभूने ज्याला अडखळण म्हटले ते पाप करणे आहे. ते सांगणे नव्हे. दुखणे झाकले म्हणून बरे होत नाही, आत चिघळते. मात्र इथे तोल हवा. संत पौल तीमथ्याला सांगतो की, वडिलांवरील आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून मान्य करू नये, आणि पुढच्याच वचनात म्हणतो की, जे पाप करीत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्यावा (१ तीमथ्य ५:१९-२०). नाक्यावर कुजबुज करणे, मोबाईलवर ऐकीव मजकूर पुढे ढकलणे, म्हणजे जाब विचारणे नव्हे. निरपराध धर्मगुरूचेही नाव एका संध्याकाळी धुळीला मिळू शकते, आणि कोणाच्याही नावलौकिकाला अन्यायाने धक्का लावू नये असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. तक्रार जिथे तपासली जाईल तिथे करावी. तपासणाऱ्यांनी ती खरोखर तपासावी.

‘प्रभूने पेत्राला क्षमा केली, मग आपण का नाही?’ क्षमा जरूर करावी. परंतु पेत्राने प्रभूला नाकारले होते आणि ज्याला नाकारले त्यानेच क्षमा केली. एका लेकराला झालेली इजा आम्ही तिऱ्हाइतांनी परस्पर माफ करून टाकणे, हे औदार्य दुसऱ्याच्या खिशातले आहे. शिवाय क्षमा मिळाली म्हणजे पद परत मिळालेच पाहिजे असे नाही. जक्कयाला तारण मिळाले. पण ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे तोही बोलला होता (लूक १९).

६. आमच्या स्वतःविषयी

इथपर्यंत दुसऱ्यांविषयी लिहिले. आता आमच्याविषयी लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या छपराची दुरुस्ती झाली, ती आपणांस आठवत असेल. त्या वेळी एका बैठकीत एका गृहस्थांनी विचारले की, किती ठिकाणचे दरपत्रक मागवले होते, काम कोणाला व कसे दिले, आणि किती रक्कम शिल्लक आहे. आम्हांला तो अविश्वास वाटला. पुढच्या रविवारी प्रवचनात आम्ही नाव न घेता म्हणालो की, काही लोकांना देवाच्या घरातही फक्त पैसा दिसतो. नाव न घेतले तरी कोणाविषयी आहे ते सर्वांना कळले. ते गृहस्थ काही दिवस शेवटच्या बाकावर बसत. नंतर ते शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जाऊ लागले.

हिशेब चोख होता. पण आम्ही चुकलो. श्रद्धावंतांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे, आणि प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावी असेही आहे. आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधी कधी कर्तव्यही आहे. संत पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली (२ करिंथ ८:१९-२१). त्या गृहस्थांनी आम्हांला पौलासारखे वागण्याची संधी दिली होती. आम्ही ती घेतली नाही. आणि वेदीवरून बोलणाऱ्याला उलट उत्तर देता येत नाही, हे माहीत असताना आम्ही तिथून टोमणा मारला. ते धैर्याचे काम नव्हते.

या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी बसवले, चहा दिला, फार बोलले नाहीत. ते परत येतील की नाही, हे त्यांच्या मनावर आहे. चूक सर्वांसमोर झाली होती, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागत आहोत.

पुढील गोष्टी आजपासून सुरू होत आहेत. छपराच्या कामाचा पूर्ण हिशेब सूचना फलकावर लावला आहे. यापुढे दर सहा महिन्यांनी सर्व हिशेब तिथे लागेल आणि वित्त समितीचे सदस्य त्यावर प्रश्न घेतील. धर्मशिक्षणाच्या वर्गात व वेदीसेवकांच्या सरावात नेहमी दोन मोठी माणसे असतील. बिशप महोदयांच्या कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार कोठे करावी याची माहिती फलकावर कायम राहील. आमच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती आमच्या हातून जाण्याची गरज नाही.

७. त्या मुलीला उत्तर

बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकले होते. आता नीट सांगतो.

फादर रागीट वागले, अन्यायाने बोलले, तर प्रथम आई-बाबांना घेऊन आमच्याकडेच ये आणि तोंडावर सांग. आम्ही ऐकले नाही तर पाळक समितीला सांग. तिथेही ऐकले नाही तर बिशप महोदयांना पत्र लिही. मत्तयच्या १८ व्या अध्यायात प्रभूने हाच क्रम सांगितला आहे.

पण कोणीही मोठे माणूस, मग ते फादर असोत, सिस्टर असोत, शिक्षक असोत की नातेवाईक, तुला नको तसे हात लावील, नको ते दाखवील किंवा ‘हे आपले गुपित’ असे म्हणेल, तर हा क्रम पाळायचा नाही. त्या माणसाकडे परत जायचे नाही. लगेच आईला, बाबांना किंवा ज्यांच्यावर तुझा भरवसा आहे त्यांना सांगायचे. १०९८ या क्रमांकावर मुलांना स्वतः फोन करता येतो. पोलिसांकडे जाता येते. कुमसारात ऐकलेली पापे उघड न करण्याचे बंधन धर्मगुरूवर आहे, तुझ्यावर नाही. तुझ्याशी काय घडले ते तू कुठेही सांगू शकतेस, आणि सांगितल्याने कोणतेही पाप लागत नाही.

आणि पालकहो, मूल असे काही सांगू लागले तर डोळे वटारू नका. शमुवेल लहानच होता.

समूह सभांमध्ये चर्चेसाठी

१. एलीने मुलांना समज दिली, तरी परमेश्वराने त्याला दोषी का ठरवले? आपल्या घरात, संस्थेत असे कधी घडते का?
२. अंत्युखियात पौलाच्या जागी आपण असतो तर काय केले असते? पेत्राच्या जागी असतो तर?
३. तक्रार आणि कुजबुज यांतील फरक आपण कसा ओळखाल?
४. धर्मगुरूंना एखादी गोष्ट सांगण्यास आपणांस भीती वाटते का? का वाटते? समूहप्रमुखांनी उत्तरे नावांशिवाय लिहून वित्त समिती किंवा पाळक समितीच्या सदस्यांकडे द्यावीत.

प्रार्थना

हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, तुझा कळप तू आमच्या हाती दिला आहेस. आम्ही तो तुझा आहे हे विसरतो. ज्या लेकरांचे कोणी ऐकले नाही, त्यांचे तू ऐकले आहेस. त्यांना न्याय आणि आरोग्य दे. तुझ्या सेवकांना चूक ऐकून घेण्याचे बळ दे, आणि तुझ्या लोकांना प्रीतीने सत्य बोलण्याचे धैर्य दे. आमेन.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू